गिरणीतल्या पोरी

प्रिय मंजू,

तुझा मेसेज वाचला. अमेरिकेतल्या लॉवेल गावच्या कापडगिरणीतल्या मुलींचा तो जुना फोटो आणि खाली एवढंच, "बिच्चाऱ्या पोरी". त्यावर दोन ओळीत उत्तर द्यायला बसले आणि जमेना, म्हणून हे लांबलचक पत्र, सवडीने वाच. बिच्चाऱ्या होत्या का? होत्याही. पण तेवढंच म्हणून सोडून दिलं तर त्या चिडतील असं मला वाटतं, कारण त्यांनी स्वतःबद्दल भरपूर लिहून ठेवलंय आणि त्यात रडगाणं फार कमी आहे.

आधी थोडी पार्श्वभूमी. अमेरिकेत पाण्यावर चालणारी सूतगिरणी १७९० मध्ये सॅम्युअल स्लेटरने सुरू केली, पॉटकेट नावाच्या गावात, आणि तिथे कामाला होती चक्क लहान मुलं. नंतर फ्रान्सिस कॅबट लॉवेल हा बॉस्टनचा व्यापारी इंग्लंडला गेला, तिथले यंत्रमाग बघून आला, यंत्रांचे नकाशे देशाबाहेर न्यायची बंदी म्हणून सगळं डोक्यात साठवून आणलं आणि पॉल मूडी या कारागिराला हाताशी धरून १८१४ च्या सुमारास वॉल्थमला अशी गिरणी उभी केली की एका दाराने कापूस आत जाणार आणि दुसऱ्या दाराने कापड बाहेर येणार. लॉवेल १८१७ मध्येच गेला बिचारा, त्याच्या नावाचं गाव त्याने पाहिलंच नाही. भागीदारांनी मेरिमॅक नदीच्या धबधब्याजवळ कालवे काढून गिरण्या बांधल्या, १८२३ ला पहिलं कापड निघालं, १८२६ ला गावाला लॉवेल नाव मिळालं.

आता माणसं आणायची कुठून? पुरुष शेतीत, नाहीतर पश्चिमेकडे जमिनीच्या मागे. उरल्या न्यू हॅम्पशायर, व्हर्मॉन्ट, मेन या आसपासच्या राज्यांतल्या शेतकऱ्यांच्या मुली, साधारण पंधरा ते पंचवीस-तीस वयाच्या. या मुलींपुढे पर्याय काय तर दुसऱ्याच्या घरी मोलकरीण, शिवणकाम किंवा तुटपुंज्या पगारावर शाळामास्तरीण. गिरणी मात्र रोख पैसे देणार, आठवड्याला सव्वातीन डॉलरच्या आसपास, त्यातून खानावळीचे सव्वा डॉलर कापून बाकीचे थेट तिच्या हातात, बापाच्या नाही. हे बारीक वाटतं पण सगळी गंमत इथेच आहे. कोणी बापाचं कर्ज फेडलं, कोणी भावाच्या कॉलेजचा खर्च उचलला (स्वतःला कॉलेज नव्हतंच), कोणी नुसते कपडे घेतले, आणि खरं सांगू, मला त्या कपडे घेणाऱ्या जास्त आवडतात.

पण शेतकरी बाप आपली तरणी पोर परक्या गावी पाठवेल कसा? म्हणून कंपनीने खानावळी बांधल्या, म्हणजे राहायची-जेवायची सोय एकत्र. चालवायला एखादी विधवा बाई, एका घरात पंचवीस-तीस मुली, एका खोलीत चार-सहा आणि एका पलंगावर दोघी. रात्री दहाला दार बंद, रविवारी चर्चला जायचंच, वागणुकीबद्दल तक्रार आली की नोकरी गेली. आणि नीट दाखला न घेता काम सोडलं तर दुसऱ्या गिरणीतही दारं बंद, कारण सगळ्या कंपन्यांचं आपसात साटंलोटं. थोडक्यात बापाला सांगायचं की पोरगी आमच्या नजरेखाली आहे, आणि नजर खरंच होती.

काम कसं होतं म्हणशील तर पहाटे साडेचारला घंटा, पाचला यंत्रं सुरू, मधे नाश्त्याला आणि जेवायला अर्धा-अर्धा तास, त्यात धावत खानावळीत जाऊन घास कोंबून परत, आणि संध्याकाळी सातला सुट्टी. वर्षभराची सरासरी काढली तर आठवड्याचे त्र्याहत्तर तास धर. खिडक्या बंद, कारण हवा कोरडी झाली की सूत तुटतं, त्यामुळे आत दमट गरम हवा आणि कापसाचा भुगा तरंगतोय, शेकडो माग एकदम खडखडतायत, शेजारणीशी बोलायचं तर कानाशी तोंड न्यायचं. आणि एक गोष्ट वाचून तर माझ्या अंगावर काटाच आला. सुताची कांडी संपली की धोट्यात (मागावर सूत इकडून तिकडे नेणारा लाकडी तुकडा) नवीन कांडी घालायची आणि सुताचं टोक धोट्याच्या भोकातून बाहेर काढायला भोकाला तोंड लावून श्वास आत ओढायचा. दिवसातून असंख्य वेळा, तोच धोटा दुसरीनेही तोंडाला लावलेला, सुताबरोबर भुगा आणि खळ छातीत. क्षयाच्या काळात! मजुरांनी पुढे त्याला मृत्यूचं चुंबन असं नाव ठेवलं ते काही उगाच नाही.

हिवाळ्यात अंधार पडल्यावर दिवे लावून काम चालायचं. एलायझा हेमिंगवे नावाच्या विणकर बाईने १८४५ मध्ये सांगितलंय की तिच्या खात्यात २९३ छोटे आणि ६१ मोठे दिवे होते. एवढे दिवे तेलावर पेटलेले, खिडक्या बंद, आणि एका खोलीत दीडशे माणसं, धूर कुठे जात असेल तूच सांग.

तरी याच पोरी पुस्तकं वाचायच्या! ल्युसी लार्कम अकरा वर्षांची असताना गिरणीत आली, भरलेल्या बॉबिन काढून रिकाम्या लावायचं काम, पुढे कवयित्री झाली. गिरणीत पुस्तक आणायला मनाई होती, म्हणून वर्तमानपत्रातल्या कवितांची कात्रणं ती खिडकीच्या चौकटीवर चिकटवायची आणि काम करता करता वाचायची. संध्याकाळी व्याख्यानं, वाचनालय, लेखनमंडळ, आणि १८४० पासून स्वतःचं मासिक, लॉवेल ऑफरिंग, लिहिणाऱ्या सगळ्या गिरणीतल्याच. १८४२ ला चार्ल्स डिकन्स तिथे येऊन गेला आणि इंग्लंडमधल्या वाचकांना मुद्दाम सांगितलं की बऱ्याच खानावळीत पियानो आहे, मुली वाचनालयाची वर्गणी भरतात आणि स्वतःचं मासिक काढतात. त्याचं कौतुक खरंच होतं, पण एका दिवसाचा पाहुणा तो, त्याला काय दाखवलं जाणार हे वेगळं सांगायला नको.

आता माझा मुद्दा. कंपनीने या मुलींना एका छपराखाली ठेवलं ते त्यांना धाकात ठेवायला, आणि झालं नेमकं उलटं. दिवसभर शेजारी-शेजारी उभं राहायचं, रात्री एका टेबलावर जेवायचं, एका पलंगावर झोपायचं, मग पगार कापल्याची बातमी पसरायला किती वेळ लागणार? १८३४ च्या फेब्रुवारीत कंपन्यांनी पगार कापायचं ठरवलं तेव्हा मॅनेजरने एका मुलीला पुढारी म्हणून कामावरून काढलं. ती बाहेर पडली, डोक्यावरची टोपी काढून हवेत हलवली आणि खिडकीतून बघणाऱ्या मुली धडाधड तिच्यामागे बाहेर. सुमारे आठशे जणी. वर बँकेत जाऊन आपली बचत काढायलाही गर्दी केली, म्हणजे घरी जायला पैसे हातात हवेत ना. तो संप काही दिवसात मोडला.

१८३६ ला खानावळीचे पैसे वाढवले, म्हणजे पगारकपातच पण मागच्या दाराने, तेव्हा पंधराशेच्या आसपास बाहेर पडल्या. हॅरिएट हॅन्सन तेव्हा अकरा वर्षांची. वरच्या मजल्यावरच्या मुली निघाल्या, हिच्या खात्यातल्या मात्र एकमेकींची तोंडं बघत उभ्या, जाऊ की नको, तर ही कंटाळून म्हणाली की तुमचं तुम्ही बघा, कोणी येवो न येवो मी चालले, आणि निघाली. मागे वळून बघते तर सगळी रांग हिच्या मागे. म्हातारपणी तिने लिहून ठेवलंय की एवढा अभिमान तिला पुढे कधी वाटला नाही. पण त्याची किंमत आईने मोजली बरं का. आई विधवा, कंपनीचीच खानावळ चालवायची, तिला काढून टाकलं. कंपनीचा एजंट, म्हणजे गिरणीचा कारभारी, म्हणाला, मोठ्या मुलींना तुम्ही अडवू शकत नव्हता हे मान्य, पण ही तर तुमची लहान पोर, हिला आवरता आलं असतं. म्हणजे बघ, शिक्षा संप केल्याची नाही, नजर ठेवायचं काम चुकल्याची.

त्याच संपात एक मुलगी गावातल्या पंपावर चढून बोलली, आणि बाईने चारचौघात भाषण केलेलं लॉवेलने तोवर पाहिलंच नव्हतं.

मग सारा बॅग्ली, गिरणीतलीच एक कामगार. तिने आणि बाकीच्यांनी १८४४-४५ च्या सुमारास बायकांची कामगार संघटना काढली आणि दहा तासांच्या दिवसासाठी हजारो सह्या गोळा करून मॅसॅच्युसेट्सच्या (लॉवेल याच राज्यात) विधिमंडळाकडे पाठवल्या. मतदानाचा हक्क नाही, तरी अर्ज! विधिमंडळाच्या समितीचा अध्यक्ष विल्यम शाऊलर, त्याने कळवलं की अर्जदार बहुतेक बायका आहेत तर साक्षही त्यांनीच येऊन द्यावी. त्याला वाटलं असेल लाजून येणार नाहीत, पण आल्या, आणि सगळं सांगितलं (ते २९३ दिवे तिथलेच). समिती म्हणाली तास ठरवणं आमचं काम नाही, मजूर शहाणे आहेत, आपला सौदा आपण करतील. बायकांनी पुढच्या निवडणुकीत शाऊलरविरुद्ध उघड प्रचार केला आणि तो पडला. दहा तासांचा कायदा मात्र यायला १८७४ साल उजाडलं, तोवर त्यातल्या बहुतेकींनी गिरणी कधीच सोडली होती आणि त्यांच्या जागी आयर्लंडच्या दुष्काळातून आलेली कुटुंबं राबत होती, आणखी कमी पगारात.

एक गोष्ट लिहिल्याशिवाय राहवत नाही. तो सगळा कापूस यायचा दक्षिणेतून, गुलामांनी वेचलेला, आणि लॉवेलमध्ये एक जाडंभरडं कापड खास गुलामांना घालायलाच विणलं जायचं. आणि संपात याच मुली "आम्ही गुलाम होणार नाही" असं म्हणायच्या. काही जणींना हे खुपलं, त्यांनी गुलामीविरोधी अर्जांवर सह्या केल्या, बाकीच्या रोज तोच कापूस हाताळत राहिल्या. त्यांना दोष द्यायची माझी हिंमत नाही, पण त्यांच्याबद्दल फक्त टाळ्याच वाजवायच्या हेही जमत नाही.

आणि बॅग्लीचं पुढे काय झालं विचारशील म्हणून सांगते, १८४६ ला ती लॉवेलच्या तारघरात लागली, या कामातल्या अगदी पहिल्या बायकांपैकी एक. नंतर दुसऱ्या गावच्या तारघरात गेली आणि तिथे कळलं की आधीच्या पुरुषाला याच खुर्चीवर हिच्यापेक्षा जास्त पगार होता. तिने काय म्हटलं असेल ते तुला मला माहितीच आहे, आपल्या ऑफिसात आपण तेच म्हणतो.

उत्तर दे, आणि इमोजी नको, नीट लिही.

तुझीच,
शुभा