सुन्यास पत्र, मॅकिनीच्या कोर्टातून आल्यावर

प्रिय सुन्या,

परवा फोनवर तू विचारलंस कोर्टाचं काय झालं, आणि मी "संपलं एकदाचं" म्हणून विषय बदलला कारण पोरं गाडीत होती. पण तुझा ओंकार ऑगस्टमध्ये इकडे डॅलसला शिकायला येतोय म्हणून सगळं नीट लिहितोय, सावकाश वाच आणि त्यालाही दे.

आमच्या टीममधला नाशिकचा तो पोरगा, २८ वर्षांचा, एच-वन-बी वर, म्हणजे इथल्या नोकरीच्या व्हिसावर, दारू पिऊन गाडी चालवताना सापडला, त्याची ही केस. ऑफिसच्या पार्टीहून रात्री साडेअकराला निघाला, घर जेमतेम १५ मिनिटांवर, आणि टोलवेवर गाडी लेन सोडून चालली म्हणून पोलिसाने थांबवलं. दारू तपासायच्या मशीनमध्ये फुंकायला त्याने नकार दिला, कारण मित्रांनी कधीतरी सांगितलेलं की फुंकायचंच नाही. पण इथे पोलीस त्याच रात्री जजकडून वॉरंट घेतात आणि रक्त काढतात. वर नकार दिला म्हणून लायसन १८० दिवस जातं, फुंकून नापास झाला असता तर ९० दिवस. हे लायसनचं प्रकरण कोर्टातल्या केसपासून वेगळं चालतं बरं का, नोटीस हातात पडल्यापासून १५ दिवसांत सुनावणी मागावी लागते, नाही मागितली तर लायसन आपोआप सस्पेंड. या १५ दिवसांतले ६ दिवस पोराने लाजेपोटी कुणाला सांगितलंच नाही. सातव्या दिवशी माझ्या डेस्कपाशी येऊन नुसता उभा राहिला.

रक्ताचा रिपोर्ट आला ०.११. इथली लिमिट ०.०८, म्हणजे १०० मिलीला ८० मिलिग्रॅम. आपल्याकडे ३० आहे, म्हणजे कागदावर आपला कायदा जास्त कडक, पण तिकडे पहिल्या वेळी १०,००० रुपये दंड भरून माणूस संध्याकाळी घरी चहा पितो. ६ महिने कैदेची तरतूद आहे, पण ती झालेला माणूस तुझ्या ओळखीत आहे का एक तरी? माझ्या नाही.

टेक्सासमध्ये दारू पिऊन गाडी चालवण्याच्या गुन्ह्याला डीडब्ल्यूआय म्हणतात. पहिल्यांदा सापडलं की क्लास बी मिसडिमीनर, म्हणजे कमी गंभीर वर्गातला गुन्हा, ७२ तास ते १८० दिवस जेल आणि २००० डॉलरपर्यंत दंड, आणि ही केस काउंटी कोर्टातच चालते. ०.१५ किंवा वर गेलं की क्लास ए, जेल वर्षापर्यंत. तिसऱ्यांदा सापडला की फेलनी, म्हणजे गंभीर गुन्हा, आणि मग वरचं डिस्ट्रिक्ट कोर्ट. आणि गाडीत १५ वर्षांखालचं मूल बसलेलं असेल तर पहिल्याच वेळी फेलनी, हे इथल्या आपल्या कितीतरी लोकांना माहीतच नाही, वाढदिवसाच्या पार्टीहून पोरं मागे झोपलेली आणि बाबा दोन पेग मारून स्टिअरिंगवर, मी डोळ्यांनी बघितलंय.

आमच्या कॉलिन काउंटीचं कोर्ट मॅकिनीला आहे. मला वाटलेलं साक्षी, उलटतपासणी, ज्युरी वगैरे. ज्युरी असते, काउंटी कोर्टात ६ जणांची, आणि सहाही जणांचं एकमत लागतं. पण बहुतेक केसेस तिथवर जातच नाहीत, त्या बाहेर कॉरिडॉरमध्ये सुटतात. वकील आत जाऊन सरकारी वकिलाशी बोलतो, बाहेर येऊन अशिलाच्या कानाशी लागतो, परत आत जातो, आणि असं महिन्या-दीड महिन्याने एकेका तारखेला. जज फार बोलत नाहीत, निवडून आलेले असतात, नाव पुकारलं की पुढची तारीख.

एका तारखेला वकिलाने बाकावर बसून लॅपटॉपवर पोलिसाच्या बॉडीकॅमचा व्हिडिओ लावला. पांढऱ्या रेषेवरून ९ पावलं जायचं, वळायचं, ९ पावलं परत यायचं. पोराने पावलं मोजून बरोबर टाकली आणि वळताना तोल गेला, हात बाजूला पसरले, मग स्वतःच "सॉरी सर, सॉरी सर" म्हणत राहिला. माझ्या शेजारी बसून तो स्वतःलाच बघत होता आणि मनगटातला आईने बांधलेला लाल दोरा पिळत होता. वकील म्हणाला हा व्हिडिओ ६ जणांना दाखवायची माझी इच्छा नाही.

मग सरकारी वकिलाकडून ऑफर आली, डिफर्ड ॲडज्युडिकेशन. पूर्वी टेक्सासमध्ये डीडब्ल्यूआयला हे मिळायचं नाही, १ सप्टेंबर २०१९ पासून मिळतं, पहिलीच वेळ हवी आणि आकडा ०.१५ च्या खाली हवा. गुन्हा कबूल करायचा, पण जज दोषी ठरवत नाहीत, ठरलेला काळ अटी पाळल्या की केस डिसमिस. पोरगा ऐकून रडायलाच लागला, सुटलो म्हणाला.

आणि सुन्या, इथेच मला भीती वाटली, कारण टेक्सासचा कायदा म्हणतो शिक्षा झाली नाही, पण इमिग्रेशनचा कायदा म्हणतो झाली. गुन्हा कबूल केला आणि वर कसलीही अट लादली की इमिग्रेशनच्या हिशेबात ते कन्व्हिक्शनच, म्हणजे दोषी ठरल्यासारखंच. क्रिमिनल वकिलाला मी विचारलं तेव्हा त्याने नीट सांगितलं आणि इमिग्रेशनच्या वकिलाकडेही पाठवलं. सुप्रीम कोर्टाने २०१० सालीच पडिया केसमध्ये ठरवलंय की कबुली देण्याआधी डिपोर्टेशनचा धोका अशिलाला सांगणं हे वकिलाचं काम आहे. साध्या एका डीडब्ल्यूआयवर सहसा देशाबाहेर काढत नाहीत असं तो दुसरा वकील म्हणाला, म्हणून शेवटी डिफर्डच घेतलं, १२ महिन्यांचं. पण पैसे वाचवायला एकटा जाऊन सही करून येणारी आपली पोरं मला त्या कॉरिडॉरमध्ये दिसली रे, कागदात सिटिझनशिपबद्दलची एक ओळ असते, तिच्यावरून बोट पुढे सरकतं आणि सही होते.

खरा मार मात्र कोर्टाची पहिली तारीख लागायच्या आधीच बसला होता. अमेरिकन कॉन्सुलेटचा ईमेल आला, व्हिसा रद्द. हे नुसत्या अटकेवर होतं, गुन्हा शाबित व्हायची वाट बघत नाहीत. इथे राहून नोकरी करता येते, पण देशाबाहेर पाऊल टाकलं की परत यायला व्हिसाचा नवा स्टँप, त्यासाठी मुंबईत त्यांच्या ठरलेल्या डॉक्टरकडे दारूबद्दल तपासणी, आणि किती महिने लागतील ते कोणी सांगत नाही. डिसेंबरमध्ये बहिणीचं लग्न होतं. नाही गेला. माझ्याच घरी रात्रभर बसून त्याने व्हिडिओवर बघितलं, अक्षता पडताना फोन उपडा ठेवला.

आता गाडीत इंटरलॉक आहे. फुंकल्याशिवाय गाडी सुरू होत नाही, आणि चालवताना मध्येच पुन्हा फुंकायला लावतं. १२ तासांचा क्लास झाला, कम्युनिटी सर्व्हिस झाली. एका संध्याकाळी व्हिक्टिम इम्पॅक्ट पॅनल होतं, मी त्याला सोडायला गेलो आणि मागे बसून राहिलो. एक बाई बोलल्या, दारू प्यायलेल्या ड्रायव्हरने त्यांच्या मुलाला उडवलेलं. मुलाचा फोटो टेबलावर पालथा ठेवला होता, बोलून झाल्यावर त्यांनी तो सरळ केला. कोणीच हललं नाही. मला पुण्यात कल्याणीनगरला पोर्शेने उडवलेल्या त्या दोघांच्या आया आठवल्या, २०२४ च्या मे महिन्यातल्या, आणि गाडी चालवणाऱ्या पोराला जामिनाची अट म्हणून लिहायला लावलेला तो ३०० शब्दांचा निबंध.

आणि खडकवासल्याहून आपण आलो ती रात्रही आठवली. गाडी मी चालवत होतो, तू मागे. वडगावच्या पुलापाशी तो सायकलवाला वळला आणि आपण कसेबसे वाचलो, तोही वाचला. त्याबद्दल आपण आजवर एकदाही बोललो नाही. ओंकारला ते सांग, तुझ्या तोंडून सांग, माझं नाव घेऊन सांग.

त्याचं विमान कोणत्या तारखेला ते कळव, मी न्यायला जातो. वहिनींना नमस्कार, आईंच्या गुडघ्याचं काय झालं तेही लिही.

तुझा,
बाळ्या