टायर बदलताना व्यासाचा हिशेब करावा

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

इंधनाचा खर्च परवडेनासा झाल्याने अॅव्हरेज वाढवण्यासाठी टायरचा आकार बदलून घेण्याकडे बेळगाव, खानापूर, निपाणी भागातील गाडीमालकांचा कल दिसतो. मात्र हा बदल करताना टायरच्या पूर्ण व्यासाचा हिशेब क्वचितच कोणी करतो. म्हणून हे पत्र.

टायरच्या बाजूवर 185/65 आर 15 असे छापलेले असते. त्यातील 185 म्हणजे मिलिमीटरमधील रुंदी, 65 म्हणजे त्या रुंदीच्या किती टक्के टायरच्या बाजूची (रिमच्या कडेपासून रस्त्यापर्यंतची) उंची आहे तो आकडा आणि 15 म्हणजे इंचातील रिमचा व्यास. यावरून पूर्ण व्यास सुमारे 622 मिलिमीटर येतो. 165/80 आर 14 या टायरचा व्यास सुमारे 620 येतो, म्हणजे दोन्ही जवळजवळ सारखेच. म्हणूनच एकाच गाडीच्या साध्या मॉडेलला दुसरा आणि महागड्या मॉडेलला पहिला टायर कंपनीच देते. याच गाडीला रुबाबासाठी 205/65 आर 15 घातला, तर व्यास सुमारे 647 मिलिमीटर, म्हणजे 4 टक्क्यांनी जास्त होतो. मीटर चाकाच्या फेऱ्यांवरून अंतर मोजतो, त्यामुळे त्यानंतर गाडी प्रत्यक्षात 100 किलोमीटर धावली तरी मीटरवर 96 च पडतात, आणि लिटरला खरोखर 18 किलोमीटर देणारी गाडी हिशेबात 17.3 वर येते. उलट 175/65 आर 15 घातल्यास व्यास 2 टक्क्यांनी घटतो आणि तीच गाडी 18.4 देते असे वाटू लागते. ही वाढ फक्त मीटरमधली आहे, पेट्रोल काही वाचलेले नसते. जुन्या, झिजलेल्या टायरचा व्यासही कमी झालेला असतो. त्यामुळे नवे टायर घातल्यावर अॅव्हरेज पडल्याची जी तक्रार सर्रास ऐकू येते, तिचा काही भाग या हिशेबातूनच येतो. आकार बदलल्यावर अॅव्हरेज तपासायचे असेल, तर महामार्गावरील किलोमीटरच्या दगडांशी मीटर ताडून पाहावा आणि त्यानंतरच टाकी फुल करून हिशेब मांडावा.

खरी बचत कशात आहे, तेही सांगितले पाहिजे. कंपनीने आपल्या मॉडेलला मान्य केलेल्या आकारांपैकी अरुंद टायर आणि लहान रिम निवडल्यास चाकाचे वजन व वाऱ्याचा अडथळा सहसा कमी होतो. शहरात दर सिग्नलला थांबून पुन्हा वेग घेताना हलक्या चाकाचा उपयोग होतो, आणि टायरची बाजू उंच असल्याने खड्ड्यात रिम वाकण्याची भीतीही कमी राहते. जांबोटी-कणकुंबीकडे पावसाळ्यात जाणाऱ्यांना याचे महत्त्व वेगळे सांगायला नको. मोठ्या व्यासाच्या टायरने सपाट महामार्गावर इंजिनाचे फेरे थोडे कमी होतात हे खरे, पण गोव्याहून चोर्ला घाट चढून येताना खालचा गिअर अधिक वेळ लागतो आणि तो फायदा तिथेच संपतो. शिवाय एकाच आकाराच्या दोन टायरांमध्येही रबराच्या मिश्रणामुळे आणि बांधणीमुळे घरंगळताना होणारा विरोध बराच वेगळा असू शकतो. हा विरोध 10 टक्क्यांनी घटला तर इंधनात साधारण 1 ते 2 टक्के बचत होते, त्यामुळे नुसत्या आकारावरून निर्णय घेणे माझ्या मते चूक आहे.

मात्र या बचतीसाठी मान्य आकाराच्या खाली जाऊ नये. 185/65 आर 15 वर पुढे 88 असा आकडा असेल तर तो टायर 560 किलो भार पेलतो. 85 असेल तर 515 किलो. घरची पाच माणसे आणि सामान घेऊन घाटात उतरणाऱ्या गाडीला हा फरक जाणवतो. लहान रिम घेताना त्यात ब्रेक व्यवस्थित बसतात का, हेही पाहिले पाहिजे. हवेचा योग्य दाब चालकाच्या दाराजवळच्या पट्टीवर लिहिलेला असतो. तो महिन्यातून एकदा, टायर थंड असताना तपासण्यास फारसा खर्च येत नाही, आणि हवा कमी असेल तर आकार कितीही चांगला निवडला तरी इंधन जास्तच जळते.

आपल्या भागातील टायर विक्रेत्यांना माझी कळकळीची विनंती आहे की, वेगळ्या आकाराचा टायर देताना त्यांनी जुन्या व नव्या टायरचा व्यास, भाराचा आकडा आणि मीटरमध्ये पडणारा फरक बिलावर लिहून द्यावा. गाडीमालकांनीही तो मागून घ्यावा.

आपला,
एक वाचक, टिळकवाडी, बेळगाव