विहिरींच्या मुलखातून

कानकुन, मेक्सिको
रविवार, सकाळ

ती. अण्णा आणि ती. सौ. आईस,
साष्टांग नमस्कार.

काल फोनची वाट बघून बघून तुम्ही झोपलात, असं दादाने कळवलं. चूक माझीच. कानकुन एका राज्यात आणि आम्ही काल फिरायला गेलो ते युकातान शेजारच्या राज्यात. दोन्हींच्या घड्याळांत एका तासाचा फरक आहे. बसने हद्द ओलांडली की मोबाईल गुपचूप एक तास मागे जातो. तुमच्या रात्री नऊला, म्हणजे इथल्या साडेदहाला फोन करायचा, एवढंच मी डोक्यात धरून बसले होते. मोबाईलवर साडेदहा झाले तेव्हा तुमच्याकडे दहा वाजून गेलेले. तीनदा लावला, कोणी उचलला नाही. म्हणून आज हॉटेलातल्या कागदांवर हे लिहितेय. फोटो काढून दादाच्या व्हॉट्सअ‍ॅपवर टाकते. अण्णा, आजीला मोठ्याने वाचून दाखवा. पण मध्ये स्वतःची भर घालू नका.

ग्वादालाहाराच्या ऑफिसातले आम्ही चौघं तीन दिवसांची सुट्टी जोडून इकडे आलोय. एक दिवस समुद्र झाला. कालच्या दिवसाला एका दिवसाची गाईडसकट सहल घेतली. आधी पडके अवशेष, मग पोहणं, मग स्पॅनिश लोकांनी वसवलेलं एक जुनं गाव. पहाटे साडेसहाला बस निघाली. तासाभराने माईकवरून सांगितलं की अवशेषांचं तिकीट भरलेल्या पैशात नाही, ते वेगळं द्यायचं. जाहिरातीत ही गोष्ट अगदी बारीक अक्षरात होती म्हणे. तिकीटही दोन भागांचं आहे, एक केंद्र सरकारचं आणि एक राज्याचं. अर्धी बस कुरकुरली आणि सगळ्यांनी दिले. धावत्या बसमधून कुठे उतरणार?

ते अवशेष म्हणजे चिचेन इत्सा. ताजमहाल २००७ साली ज्या नव्या सात आश्चर्यांच्या यादीत आला ना, त्याच यादीतलं. मधोमध मोठा पिरॅमिड, वरच्या देवळासकट तीस मीटर उंच. चारही बाजूंना ९१-९१ पायऱ्या आणि वरचा चौथरा धरून ३६५. म्हणजे दगडात बांधलेलं कॅलेंडरच. मार्चमध्ये दिवस-रात्र सारखे होतात तेव्हा उतरत्या उन्हात त्याच्या कठड्यावर सावलीचा नाग सरपटत खाली येतो. आम्ही फेब्रुवारीत गेलो, त्यामुळे नाग फक्त गाईडच्या मोबाईलवर पाहिला. वर चढायला २००६ पासून बंदी आहे, तेव्हा आई, तू धास्तावू नकोस. समोर उभं राहून टाळी वाजवली की पायऱ्यांवरून पाखराच्या चिवचिवाटासारखा आवाज परत येतो. केत्साल नावाच्या पक्ष्याचा हा आवाज, असं इथे सांगतात. शाळेच्या सहलीत गोलघुमटात आम्ही घसा फुटेस्तोवर ओरडलो होतो, त्याची आठवण आली. इथेही शंभर-शंभर माणसं एका वेळी टाळ्या पिटत होती, आणि तो बिचारा पक्षी प्रत्येकाला उत्तर देत होता.

चेंडूचं मैदान, कवट्या कोरलेला ओटा, वेधशाळा हे सगळं पाहिलं. फोटो पाठवलेत, त्यावर जास्त लिहीत नाही. एका भिंतीच्या कोपऱ्यावर लांब वळलेल्या नाकाचा चेहरा होता. मी पटकन म्हणून गेले, "गणपती!" गाईड हसला. तो चाक, पावसाचा देव. या मुलखात सगळ्यांत जास्त आळवणी त्याचीच.

अण्णा, आता तुमच्या कामाचं. या सबंध भागात जमिनीवर नदी नाही. ओढा नाही, नाला नाही. जमीन चुनखडीची, चाळणीसारखी. पाऊस पडला की सरळ खाली मुरतो आणि जमिनीखालून वाहतो. मग कुठेतरी वरचं छत ढासळतं आणि खालचं पाणी उघडं पडतं. त्या खड्ड्याला इथल्या मूळच्या माया लोकांच्या भाषेत 'द्झोनोत' म्हणतात, स्पॅनिश लोकांनी त्याचं 'सेनोते' केलं. लोक वसले ते या खड्ड्यांच्या काठाने. चिचेन इत्सा या नावातच ते आहे. 'ची' म्हणजे तोंड, 'चेन' म्हणजे विहीर. इत्सा लोकांच्या विहिरीच्या तोंडाशी वसलेलं गाव. एवढ्या मोठ्या पिरॅमिडच्या गावाचं नाव पिरॅमिडवरून नाही, विहिरीवरून.

आपल्या विहिरीला आबांना बहात्तरच्या दुष्काळात काळ्या कातळात सुरुंग लावावे लागले होते. इथे खणायची गरजच पडली नाही, पण पाणी वर आणायचं कसं? तुम्ही लगेच विचाराल, मोट होती का. नव्हती. बैलच नव्हते. घोडा नाही, गाढव नाही, लोखंड नाही. ओढायला जनावर नाही म्हणून गाडीही नाही. तो पिरॅमिड सगळा माणसांच्या पाठीवरून उभा राहिलाय आणि प्यायचं पाणीही माणसांनीच वर वाहून आणलं. लिंबची बारा मोटेची विहीर बघायला गेलो होतो तेव्हा तुम्ही मोटेचा धाव दाखवून, बैल कसे उतरायचे ते तोंडाने आवाज काढून सांगितलं होतं. ते इथे कोणाला सांगावं, कळेना.

चिचेनमध्ये दोन मोठे सेनोते आहेत. एक प्यायच्या पाण्याचा, दुसरा देवाचा. देवाचा सेनोते साठेक मीटर रुंद आणि उभ्या कड्यांचा, तळाशी शेवाळी हिरवं पाणी. पाऊस ओढला की चाकसाठी त्यात सोनं टाकत, हिरवा जेड टाकत आणि माणसंही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला एका अमेरिकन वाणिज्यदूताने ही जागाच विकत घेतलेली होती, त्याने यारी लावून गाळ उपसला. त्यात दागिने आणि हाडं निघाली. बराचसा माल अमेरिकेत हार्वर्डच्या म्युझियमला गेला. पुढे थोडा परत आला.

काठावर सगळे गप्प होते. तेव्हा गाईडने, हा पन्नाशीचा माया माणूस, त्याची गोष्ट सांगितली. त्याच्या गावात आजही पाऊस लांबला की मक्याच्या शेताजवळ मांडव घालतात. मधे नैवेद्याचं मेज, आणि त्याच्या चार कोपऱ्यांना चार मुलगे उकिडवे बसवतात. त्या मुलांनी बेडूक व्हायचं. पूजा चालू असेपर्यंत डरावडराव करत राहायचं. हा लहानपणी दोनदा बेडूक झालाय. त्याने तिथेच, त्या देवाच्या विहिरीच्या काठावर, गळा फुगवून ओरडून दाखवलं. मी त्याला म्हटलं, माझ्या वडिलांना बाराव्या वर्षी अंगभर कडुलिंबाचा पाला बांधून, काठीला बेडूक टांगून, गावभर 'धोंडी धोंडी पाणी दे' करत फिरवलं होतं आणि बायांनी घराघरातून अंगावर पाणी ओतलं होतं. त्याला आधी खरंच वाटेना. मग एकच प्रश्न विचारला. "आला का पाऊस?" मी म्हटलं, त्या वर्षी नाही. तो म्हणाला, आमच्याकडे एकदा आला, एकदा नाही.

एक बाई त्याला म्हणाल्या, "माया लोक अचानक नाहीसे कसे झाले हो?" त्याने टोपी काढली, नीट परत घातली आणि म्हणाला, "मी सकाळी घरातून निघालो तेव्हा बायको दारात उभी होती. आम्ही नाहीसे झालो ते कधी?" त्याच्याकडून एक शब्द शिकले, 'दिओस बोओतिक'. देव तुमचं देणं फेडो, म्हणजे आभार. गोव्यात त्या पाव देणाऱ्या आजी आपल्याला 'देव बरें करूं' म्हणायच्या ना, तसंच. हाही शब्द अर्धा स्पॅनिश, अर्धा माया.

मग पोहायला. जवळच इक किल नावाचा सेनोते आहे. आजी, कान दे. वरून वाकून बघितलं की गोल विहीर, पण केवढी! पाणी वरच्या काठापासून सव्वीस मीटर खाली, म्हणजे आपल्या घरावर घर सात-आठ वेळा रचलं तर. काठावरच्या वेलींची आणि मुळांची झालर पाण्यापर्यंत लोंबलेली. पाण्याच्या धारा ठिबकतात, दुपारचं ऊन सरळ मधोमध पडतं. आधी वर शॉवरखाली उभं करून अंगावरचं सगळं क्रीम धुवायला लावतात. पाणी नासू नये म्हणून, आणि ते मला आवडलं. मग कातळातल्या ओल्या पायऱ्यांवरून भिंत धरत धरत खाली.

खाली पोचल्यावर एका पोराने माझ्या अंगात केशरी लाईफ जॅकेट घातलं. मी खुणेने सांगितलं, मला पोहता येतं. तो म्हणाला, सगळ्यांनाच, नियम आहे. त्याने पाठीमागून पट्टा खस्सकन आवळला, आणि अण्णा, मला थेट तुमचा हात आठवला. सात वर्षांची मी, पाठीला सुकलेला भोपळा, सुंभाची दोरी छातीशी करकचून बांधलेली. वर काठावर आजी ओरडतेय, "पोरीच्या जातीला विहिरीत कशाला घालतोस?" तुम्ही तिला काही बोलला नाहीत, मला नुसतं ढकलून दिलंत. चौतिसाव्या वर्षी, सात समुद्रापार, परत भोपळा! मुटका मारायची फार हुक्की आली होती, पण जॅकेट घालून मुटका म्हणजे बूच उडाल्यासारखं. शिडीवरून शहाण्यासारखी उतरले.

पाणी थंडगार. खाली चाळीस मीटरच्या वर खोली, म्हणून निळं दिसता दिसता काळं होतं. पायाला बारीक काळे मासे टुचटुच करत होते, अगदी आपल्यासारखे. पाठीवर पडून वर बघितलं तर आभाळाचं गोल ताट. आपल्या विहिरीतून दिसायचं ते वाटीएवढं. आमच्यातली नागपूरची मुलगी कधी पाण्यात उतरलीच नव्हती. ती पायरीला घट्ट धरून होती. तिला मी तुमच्याच शब्दांत सांगितलं, "पाणी धरत नाही कोणाला, तूच पाण्याला धरतेस, सोड." पाच मिनिटांनी सोडलंन्.

जेवण बुफेचं, त्यावर शब्द खर्च करत नाही. पण आई, टॉर्टियाचं सांगायचं राहिलं होतं. मका आधी चुन्याच्या पाण्यात शिजवतात, रात्रभर ठेवतात, साल चोळून काढतात, मग वाटतात. म्हणून त्या पिठाची पोळी मोडत नाही. तू मक्याची भाकरी थापताना कडा फाटतात म्हणून चिडतेस ना, त्याचं मर्म हे.

शेवटी वायादोलिद. १५४३ साली स्पॅनिश लोकांनी वसवलेलं, दोन वर्षांनी उचलून सासी नावाच्या माया गावावर आणून ठेवलेलं. तिथल्या देवळांचे दगड काढून चर्च आणि वाडे बांधले. रस्ते सरळ, घरं बसकी, पिवळी, गुलाबी, आकाशी. रस्त्यांना नावांऐवजी नंबर. चौकातल्या बागेत पांढऱ्या जोडखुर्च्या आहेत, एकीचं तोंड इकडे, दुसरीचं तिकडे, म्हणजे बसणाऱ्या दोघांना शेजारी बसून समोरासमोर बोलता येतं. तिथे भरतकामाचे पांढरे झगे घातलेल्या दोन म्हाताऱ्या माया भाषेत गप्पा ठोकत होत्या. मला तर पारच वाटला.

बसवाल्यांनी सव्वा तास दिला होता. बाकीचे खरेदीला गेले, मी तडक जुन्या मठाकडे. सिसाल वस्तीत आहे तो. सिसाल म्हणजे थंड पाणी, आणि मठ बांधलाय सेनोतेवरच. मागच्या अंगाला घुमटीखाली रहाटाची जागा आहे. जनावरं आली आणि पाणी वर खेचायची सोय झाली ती अशी. याच पाण्यात पुढे बुडी मारणाऱ्यांना बंदुका आणि तोफ सापडली, १८४७ ला माया लोक स्पॅनिशवंशीयांविरुद्ध उठले त्या काळातली. मी कठड्यावरून वाकून खाली बघत राहिले आणि बस चुकता चुकता वाचली. सगळे मला सोडून बसलेले, गाईड रस्त्यात उभा. रागावला नाही. "विहीर बघत होतीस ना?" एवढंच म्हणाला.

पिंट्याला वाघाची डरकाळी काढणारी मातीची शिट्टी घेतलीय. आता घरात शांतता नाही, आधीच सांगून ठेवते. उद्या परत ग्वादालाहाराला. पुढचा फोन शनिवारी, तुमच्या घड्याळाने रात्री नऊला, नक्की.

आणि विहिरीत पाणी सध्या कितव्या पायरीवर आहे, ते दादाला बघून कळवायला सांगा. माळ्यावरचा भोपळा उंदरांनी खाल्ला नसेल तर टाकू नका.

आजीला नमस्कार. पिंट्याला पापा.

तुमची,
बबी