शुक्रवारी वशाट नाही ते वर्षभर

मा. संपादक,
स.न.वि.वि.

तुमच्या पुरवणीत ख्रिस्ती उपवासकाळावर लेख आला होता, तो वाचला. त्यात लिहिलंय की कॅथलिक लोक राखेच्या बुधवारपासून, म्हणजे उपवासकाळाच्या पहिल्या दिवसापासून, चाळीस दिवस मांस खात नाहीत आणि ईस्टर झाला की मोकळे. दोन्ही अर्धवट आहे साहेब. चाळीस दिवस रोज मांस सोडायचं असा आज चर्चचा नियम नाही, काही घरं आपल्या मनानं पाळतात ती गोष्ट वेगळी. नियम आहे तो राखेच्या बुधवारचा आणि शुक्रवारचा, आणि शुक्रवार म्हणजे नुसता उपवासकाळातला नाही, वर्षातला प्रत्येक. १९८३ च्या चर्च कायद्यात कलम १२५१ ला ते आहे, कुणालाही वाचता येतं. त्या शुक्रवारी मोठा सण पडला तर बंधन नाही, २०२० चा नाताळ शुक्रवारीच होता, तेव्हा घरोघरी बिनघोर मटण शिजलं.

शिवाय उपास वेगळा आणि मांस वर्ज्य करणं वेगळं, लेखात दोन्हीचा एकच काला झालाय. उपास बंधनकारक आहे तो वर्षात दोनच दिवस, राखेचा बुधवार आणि गुड फ्रायडे, एक वेळ पोटभर जेवायचं आणि सकाळ-संध्याकाळ थोडंसं काही. तो १८ पासून ५९ पूर्ण होईपर्यंत. मांस वर्ज्य मात्र १४ पूर्ण झाली की सुरू आणि त्याला वरची मर्यादाच नाही, त्यामुळं मी उपासातून सुटलो तरी शुक्रवारातून काही सुटलो नाही. आजारी माणूस, गरोदर बाई यांना कुणी जबरदस्ती करत नाही. आणि हे सगळं कॅथलिकांचं. आमचे जालन्याकडचे सोयरे प्रोटेस्टंट आहेत, त्यांच्यात असं कलम वगैरे काही नाही, सगळ्या ख्रिस्ती लोकांना एकाच दावणीला बांधू नका.

आता खरं सांगायचं तर यात आमच्या लोकांचीही चूक आहे, कारण आमच्यातल्याच अर्ध्या पोरांना विचारलं तर तीही तुमच्या लेखासारखंच सांगतील. झालं असं की १९६६ च्या फेब्रुवारीत पोप पॉल सहावे यांनी उपासाचे जुने नियम सैल केले आणि देशोदेशीच्या बिशप परिषदांना मुभा दिली की मांस सोडण्याऐवजी दुसरं काही प्रायश्चित्त, दानधर्म, प्रार्थना चालेल. हेतू चांगला होता, गरीब माणसाच्या ताटात मुळात मांस येतंच कधी, त्याला मांस सोड म्हणून काय सांगणार. पण ज्यानं त्यानं आपापलं ठरवायचं म्हटल्यावर कुणी काहीच ठरवलं नाही. कुणी म्हणतो मी मोबाईल कमी बघतो, कुणी म्हणतो मी मनातून पाळतो, मनातलं कुणाला दिसतंय. इंग्लंड-वेल्सच्या बिशपांनी २०११ साली शुक्रवारचा मांसाचा नियम परत लावला, मला वाटतं त्यांनी बरोबर केलं. सगळ्यांनी एकाच दिवशी एकच गोष्ट सोडली की लेकरांना शिकवावं लागत नाही, ती बघून शिकतात.

माझ्या गावचा आठवडी बाजार शुक्रवारचा. बाजाराच्या दिवशी घरात वशाट शिजणार ही रीत, खाटकाचं दुकानही त्याच दिवशी लागतं, आमच्या वडिलांच्या पिढीनं तेव्हा बेसन-भाकरीवर भागवलं आणि मटण शनिवारी आणलं, शिळं असलं तरी. शेजारच्या मावशींना बरीच वर्षं वाटायचं आमच्याकडं संतोषीमातेचा शुक्रवार आहे, त्या आंबट कैरीची फोड द्यायच्याच नाहीत! पण सोमवार, गुरुवार, शनिवार पाळणाऱ्या लोकांना शुक्रवार का पाळता हे कधी समजावून सांगावं लागलं नाही, येशूला क्रूसावर दिलं तो वार एवढं सांगितलं की पुरे. समजावावं लागतं ते आमच्याच पोरांना, आणि त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला, मासे कसे काय चालतात मग? चालतात, नियमानं चालतात, अंडी दूधही चालतं. पण शुक्रवारी जायकवाडीचा मोठा मरळ आणून तळायचा आणि वर म्हणायचं आज आमचं वर्ज्य आहे, ते म्हणजे एकादशी अन् दुप्पट खाशी. नियमात बसतं, माझ्या डोक्यात बसत नाही.

आमच्या फादर लोकांनाही विनंती आहे, शुक्रवारची आठवण उपवासकाळातल्या क्रूसाच्या वाटेच्या प्रार्थनेपुरती ठेवू नका, जून-जुलैच्या रविवारी मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, संपताना सूचना वाचता तेव्हा एक ओळ तीपण वाचा. आणि संपादक साहेब, पुढच्या वर्षी लेख छापायच्या आधी संभाजीनगरच्या छावणीतल्या चर्चला नाहीतर घोगरगावच्या चर्चला एक फोन करा, फादर लोक सगळं मराठीतच सांगतात.

आपला जुना वाचक,
ता. वैजापूर