फ्रीझरचं बिल कोण भरणार?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

कालच्या रविवार पुरवणीत अब्जाधीशांच्या दानावर आणि त्यातून होणाऱ्या ‘गरुडझेपी’ संशोधनावर जो पानभर लेख आलाय तो सकाळी चहाबरोबर वाचला, दुपारी परत वाचला, आणि रात्री नीट झोप लागली नाही म्हणून आज लिहायला बसलोय. लेख चांगला आहे, भाषा ओघवती आहे, लेखकमहाशयांचा अभ्यासही दांडगा असणार. पण अख्ख्या पानात ‘देखभाल’ हा शब्द एकदाही नाही. मी दोनदा शोधला, चष्मा पुसून.

मी ३१ वर्षं लॅब टेक्निशियन होतो. पुण्यातच. संस्थेचं नाव लिहीत नाही, पेन्शन चालू आहे.

तर आमच्याकडे एका परदेशी फाउंडेशनची पाच वर्षांची ग्रँट आली होती. त्यांचंही नाव नको. विषय एवढा मोठा की प्रोजेक्टचं टायटल दारावरच्या पाटीवर मावेना, शेवटचे दोन शब्द पेंटरने खाली बारीक अक्षरात घातले. दोन मायनस एटीचे, म्हणजे उणे ८० अंशांचे, डीप फ्रीझर आले, नारळ फुटला, फ्रीझरच्या दाराला हळदीकुंकू लागलं, ते नंतर कितीही पुसलं तरी गेलं नाही. मग आम्ही गावोगाव फिरून रक्ताचे नमुने गोळा केले, सव्वाचार हजार. लेबलं मी हाताने लिहायचो कारण साधे स्टिकर त्या थंडीत गळून पडतात आणि थंडीत टिकणारे मागवले होते ते आले नव्हते. लोकांनी बाह्या वर करून रक्त दिलं, वर आम्हालाच चहा पाजला.

पाच वर्षं संपली, पैसे संपले. फ्रीझर मात्र चालूच, त्याला कोण सांगणार प्रोजेक्ट संपला म्हणून. एएमसीसाठी, म्हणजे वार्षिक देखभालीच्या करारासाठी, फाउंडेशनला लिहिलं तर फार सभ्य उत्तर आलं की आमचा निधी नव्या संशोधनासाठी असतो. ऑफिसला विचारलं तर फ्रीझर प्रोजेक्टचा, प्रोजेक्ट बंद, सबब या खर्चाला आमच्याकडे हेड नाही. हेड म्हणजे खर्चाचं खातं हो, पण दुसऱ्या अर्थानेही खरंच होतं ते.

आणि मग मे महिन्यातला एक शनिवार. रात्री सव्वाअकराला वॉचमनचा घरी फोन, “काका, तुमचं कपाट बोंबलतंय.” स्कूटर काढली, पोचलो, तर डिस्प्लेवर मायनस ४१ आणि आकडा चढतोय. कॉम्प्रेसर गेला होता. दुसरा फ्रीझर गच्च भरलेला, शेजारच्या डिपार्टमेंटला कुलूप, किल्ली ज्यांच्याकडे ते गावाला, प्रोजेक्टच्या मॅडम परदेशात. ड्राय आइसवाल्याला रात्री एकला घरी जाऊन उठवला, त्या भल्या माणसाने कुरकुर न करता ४० किलो दिला, १,८०० रुपये रोख. मेडिकलवाल्याकडून थर्माकोलचे खोके आणले, आणि मी, माझा भाचा आणि वॉचमन असे तिघं सकाळपर्यंत रॅक हलवत होतो, हातमोजे एकच जोड, बोटांची सालं निघाली. तरी दोन रॅक गेलेच. सहाशेच्या वर व्हायल, नमुन्यांच्या त्या बारक्या कुप्या. ज्यांनी रक्त दिलं त्यांना काय सांगायचं, तुमचं रक्त वितळलं कारण आमच्याकडे हेड नव्हतं?

सोमवारी व्हाउचर टाकलं, तीनदा परत आलं. कोणत्या हेडखाली टाकू, हाच प्रश्न. मी रिटायर झालो तेव्हाही ते पेंडिंग होतं आणि आजही आहे. आणि कहर म्हणजे त्याच वर्षी फाउंडेशनचा गुळगुळीत कागदाचा वार्षिक अहवाल आला, त्यात पानभर फोटो कोणाचा? आमच्या फ्रीझरचा. हळदीकुंकवासकट. खाली ‘भविष्यासाठी जपलेला ठेवा’ अशा अर्थाचं काहीतरी इंग्रजीत.

म्हणून लेखातलं ते ‘सरकार कचरतं तिथे खासगी पैसा धाडस करतो’ हे वाक्य वाचून हसू आलं. धाडस करतो हो, नाही कोण म्हणतंय. २०१६ मध्ये झुकरबर्ग दांपत्याने शतक संपेपर्यंत सगळे रोग बरे करू, टाळू किंवा आटोक्यात ठेवू असं जाहीर केलं, त्यासाठी दहा वर्षांत ३०० कोटी डॉलर. उत्तम. शतक संपायला अजून बराच वेळ आहे, तोपर्यंत कॉम्प्रेसर टिकवा म्हणजे झालं. गेट्स फाउंडेशनने २०२५ मध्ये सांगितलं की सगळा पैसा खर्च करून २०४५ अखेर कुलूप लावणार. लेखकमहाशयांना ही भव्य गोष्ट वाटली. मला आधी हे सुचलं की २०४६ च्या जानेवारीत जगभरच्या लॅबांमधली लाइटबिलं कोण भरणार?

दान वाईट असं मी म्हणत नाहीये, उलट गैरसमज नको म्हणून सांगतो. पण उदाहरणं द्यायला अमेरिकेत कशाला जायचं? म्हणजे अमेरिकेचंच द्यायचं तर रॉकफेलर फाउंडेशनचं द्या, ते आपल्या पुण्यात आलं होतं. १९५२ मध्ये आयसीएमआर या सरकारी वैद्यकीय संशोधन परिषदेबरोबर त्यांनी इथे व्हायरस रिसर्च सेंटर काढलं, म्हणजे आजची एनआयव्ही, राष्ट्रीय विषाणू संस्था. आणि फीत कापून गेले नाहीत, १९६७ पर्यंत होते. डास-गोचिडांमधून पसरणाऱ्या विषाणूंचा अभ्यास करायला माणसं नेमली, शिकवली, जंगलात पाठवली. १९५७ ला तिकडे कर्नाटकात शिमोग्याच्या क्यासनूर जंगलात माकडं मरायला लागली, माणसं तापाने फणफणली, तेव्हा तो नवा विषाणू सापडला तो या लोकांना, कारण काम येणारी माणसं आणि लॅब आधीपासून उभी होती. कोणाच्या प्रपोजलमध्ये ‘माकडताप शोधणे’ असं लिहिलेलं होतं का? तो ताप तेव्हा माहीतच नव्हता. २०१६ ला आपल्या सिंधुदुर्गातल्या दोडामार्गात तो आला तेव्हा किमान काय शोधायचं हे तरी ठाऊक होतं.

टाटांचंही तेच. सर दोराबजी टाटांच्या पत्नी मेहेरबाई १९३१ मध्ये ल्युकेमियाने, म्हणजे रक्ताच्या कॅन्सरने गेल्या, वर्षभरात सर दोराबजीही गेले, त्यांच्या ट्रस्टने परळला कॅन्सरचं हॉस्पिटल उभं केलं ते १९४१ मध्ये सुरू झालं आणि केंद्राच्या आरोग्य खात्याकडे गेलं १९५७ मध्ये. मधली सोळा वर्षं चादरी, जेवण, नर्सचे पगार, रेडियमचा हिशोब हे सगळं झालंच ना, का हॉस्पिटल नुसत्या व्हिजनवर चाललं? शास्त्रज्ञ होमी भाभांनी १९४४ मध्ये याच ट्रस्टला पत्र लिहिलं आणि १९४५ ला टीआयएफआर ही मूलभूत संशोधनाची संस्था सुरू झाली ती आधी बंगळुरूला दुसऱ्याच्या जागेत, मग मुंबईत पेडर रोडच्या एका बंगल्यात. त्या पत्रात मागणं होतं माणसं घडवण्याचं, म्हणजे पुढे तज्ज्ञ बाहेरून आणायला लागू नयेत. यंत्रांचे फोटो छापण्याचं नव्हतं.

आता संशोधनाला पैसा देणारं सरकारचं ते नवं अनुसंधान प्रतिष्ठान, पाच वर्षांत ५० हजार कोटी, त्यातले ३६ हजार कोटी खासगीकडून यावेत अशी अपेक्षा. येऊ देत की. फक्त फॉर्ममध्ये एक रकाना वाढवा, लाइटबिल, एएमसी आणि टेक्निशियनचा पगार, ग्रँट संपल्यावरची दहा वर्षं. बघू किती सह्या होतात.

आणि तुमच्या लेखाबरोबरच्या फोटोबद्दल. नव्या लॅबचं उद्घाटन, खाली ‘डावीकडून’ करत नऊ मान्यवरांची नावं पदव्यांसकट, आणि मागे पांढरे कोट घालून उभे असलेले चौघं ‘व इतर’. ते इतर नाहीत साहेब. रात्री सव्वाअकराला फोन त्यांनाच जाणारे.

लेखकमहाशयांना माझ्या व्हाउचरची झेरॉक्स हवी असेल तर पाठवतो. मूळ प्रत देणार नाही, अजून आशा आहे.

आपला,
एक निवृत्त लॅब टेक्निशियन, कर्वेनगर, पुणे

ता.क. गणपतीत मंडपाच्या खड्ड्यांवर पाठवलेलं माझं पत्र तुम्ही चार ओळींवर आणलंत आणि पत्त्यात मला कोथरूडला नेऊन बसवलंत. या वेळी कापायचंच असेल तर टाटा-रॉकफेलर कापा, ते लोकांना माहीत असतं. व्हाउचरचं ठेवा.