हिट्सच्या अल्बमवरून बँड मोजू नका

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेले तीन रविवार तुमच्या पुरवणीत ब्रिटनचा रॉक बँड क्वीन भारी की अमेरिकेचा ईगल्स भारी यावर वाचकांची जी पत्रं येतायत ती मी ओळ न ओळ वाचतोय आणि आपल्या सोलापुरात एवढे रॉक ऐकणारे आहेत हे बघून लई बरं वाटलं. पण परवा एका वाचकाने ईगल्सच्या ग्रेटेस्ट हिट्सचा, म्हणजे गाजलेली गाणी एकत्र केलेल्या अल्बमचा, ३ कोटी ८० लाख खपाचा आकडा टाकला आणि आता विषय संपला असं लिहून टाकलं, ते काही पटलं नाही, म्हणून हे पत्र.

आधी आकडाच बघू. तो फक्त अमेरिकेतला आहे, तिथल्या रेकॉर्ड कंपन्यांची जी संघटना आहे आरआयएए, तिने २०१८ मधे दिलेला. त्याआधी बरीच वर्षं तो २ कोटी ९० लाखांवरच अडकला होता, मग एकदम ३ कोटी ८० लाख झाला आणि मायकल जॅक्सनचा थ्रिलर अल्बम मागे पडला. आता मधेच एका वर्षात ९० लाख लोक दुकानात गेले असं काही झालं नव्हतं, कंपनीने अर्ज केल्याशिवाय ही मोजणी होतच नाही, आणि २०१६ पासून स्ट्रीमिंगपण धरतात, अल्बममधली गाणी मिळून १५०० वेळा ऐकली गेली की एक अल्बम विकला असं समजतात. त्यामुळे हा आकडा खोटा नाहीये पण तो कशाचा आहे हे तरी माहीत पाहिजे ना. दुसरीकडे क्वीनचा ग्रेटेस्ट हिट्स ब्रिटनमधे २०२२ ला ७० लाखांच्या पुढे गेला, तिथे एवढा विकला गेलेला दुसरा कुठलाच अल्बम नाही. मी कागदावर हिशोब केला, अमेरिकेची वस्ती साधारण ३३ कोटी आणि ब्रिटनची पावणेसात कोटी धरली तर दोन्हीकडे नऊ-दहा माणसांमागे एक अल्बम पडतो. म्हणजे आपापल्या घरी दोघंही सारखेच, मग आकड्यावर कोण जिंकलं सांगा.

पण माझा खरा मुद्दा वेगळाय. १९९४ साली मी अकरावीला होतो. आमच्या साखर पेठेतल्या मित्राचा मोठा भाऊ पुण्याला नोकरीला, तो सुट्टीला आला की वॉकमन घेऊन यायचा आणि त्याच्याकडे मी पहिल्यांदा ईगल्सचं हॉटेल कॅलिफोर्निया हे गाणं ऐकलं. शेवटी ती दोन गिटारं एकमेकांत गुंतत जातात तिथं मी हातातला चहा विसरलो होतो. मग पैसे साठवले, दिवाळीत मामाने दिलेले त्यात घातले आणि नवी पेठेतल्या कॅसेटच्या दुकानात जाऊन ईगल्सचा ग्रेटेस्ट हिट्स आणला. घरी आलो, आमच्या घरात तेव्हा मागच्या खोलीत चादरीचा माग चालायचा, तो बंद व्हायची वाट बघत रात्री साडेनऊपर्यंत बसलो आणि मग कॅसेट लावली. ए साइड संपली, बी साइड संपली, ते गाणं काही आलं नाही. मला वाटलं चुकीची कॅसेट दिली. दुसऱ्या दिवशी परत दुकानात. दुकानदार काका शांत माणूस, त्यांनी कव्हर माझ्यापुढे धरलं आणि म्हणाले, वाच की बे, १९७१ ते १९७५ लिहिलंय, तुझं गाणं १९७६ चं हाय, ह्यात कुठनं येणार?

हे आजही कुणाला सांगितलं की खोटं वाटतं. तो अल्बम बाजारात आला फेब्रुवारी १९७६ मधे, आणि ते गाणं ज्यात आहे तो हॉटेल कॅलिफोर्निया नावाचाच अल्बम आला त्याच वर्षी डिसेंबरमधे. हिट्सवाल्या अल्बममधे पहिल्या चार अल्बममधली फक्त दहा गाणी आहेत. एवढंच नाही, गाण्याच्या शेवटच्या त्या जुगलबंदीत गिटारवाल्या डॉन फेल्डरच्या जोडीला दुसरा गिटारवाला आहे जो वॉल्श, तो बँडमधे आलाच १९७५ च्या शेवटी, म्हणजे त्या दहा गाण्यांत तो कुठेच वाजवत नाही. उलट डेस्पेराडो हे गाणं कधी सिंगल म्हणून, म्हणजे एका गाण्याची वेगळी रेकॉर्ड म्हणून, निघालंच नव्हतं तरी ते त्यात आहे, आणि मला तर ते सगळ्यात जास्त आवडतं. आपल्याकडे लग्नातल्या ऑर्केस्ट्राचा गिटारवालासुद्धा साउंड चेक करताना जे वाजवतो ते गाणं ज्या अल्बममधे नाही त्या अल्बमच्या खपावर आपण ईगल्सला मोजायचं का? ते गाणं ज्या अल्बममधे आहे तोही अमेरिकेत दोन कोटींच्या वर गेलाय, त्याचं नाव पत्रात कुणी घेतलं नाही.

मी स्वतः क्वीनवाला आहे, ते लपवत नाही. क्वीनचा गायक फ्रेडी मर्क्युरी आपल्या पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत शिकला, तिथेच त्याने मित्रांबरोबर पहिला बँड काढला, त्यामुळे त्याच्याबद्दल मला आपलेपणा वाटतो आणि वाटणारच. पण खरं ते खरं, क्वीनचा हिट्सवाला अल्बमपण १९८१ चा आहे, म्हणजे त्यांचं रेडिओ गा गा हे गाणं त्यात नाही, ते १९८४ चं. लव्ह ऑफ माय लाइफ तर १९७५ चं असून त्यात नाही. आणि ब्रिटनमधे जो अल्बम निघाला त्यात १७ गाणी होती, अमेरिकेतल्या अल्बमची यादीच वेगळी, तिथे अंडर प्रेशर घातलं, ब्रिटनच्यात ते नव्हतं. नाव एकच, अल्बम दोन. मग पत्र लिहिणारे कुठल्या क्वीनची तुलना करतायत?

बीटल्सचं बघा, २००० साली वन नावाचा अल्बम काढला, त्यात नियम असा की ब्रिटन किंवा अमेरिकेतल्या खपाच्या यादीत एक नंबरला गेलेलीच गाणी घ्यायची, तशी २७ झाली. पेनी लेन आणि स्ट्रॉबेरी फील्ड्स फॉरएव्हर ही १९६७ ला एकाच रेकॉर्डच्या दोन बाजूंना आली होती. ब्रिटनमधे ती रेकॉर्ड दोन नंबरला अडकली, अमेरिकेत पेनी लेन एक नंबरला गेलं, त्यामुळे अल्बममधे एक बाजू आत आणि दुसरी बाहेर. स्ट्रॉबेरी फील्ड्स ज्या यादीत नाही ती बीटल्सची यादी मी मानणार नाही. रोलिंग स्टोन्स या बँडचा हॉट रॉक्स हा हिट्सचा अल्बम तर बँडने जुन्या मॅनेजरला सोडल्यावर त्या मॅनेजरच्या कंपनीने १९७१ मधे काढला. आणि एसी डीसी, मेटालिका या बँडनी तर असा ग्रेटेस्ट हिट्सचा अल्बम काढलाच नाही, त्यांना काय शून्य मार्क द्यायचे?

म्हणून माझी एक विनंती आहे. आम्ही तेव्हा कोरी ९० मिनिटांची कॅसेट आणायचो, दुकानात कागदावर गाण्यांची यादी लिहून द्यायचो आणि काका भरून द्यायचे. एका बाजूला ४५ मिनिटं, त्याच्यावर एक सेकंद नाही. क्वीनचं बोहेमियन ऱ्हॅप्सडी जवळपास सहा मिनिटं खातं, हॉटेल कॅलिफोर्निया साडेसहा, ती घेतली की दुसरी दोन-तीन आवडती गाणी सोडावी लागायची आणि त्यावरून आम्ही चार मित्र सात रस्त्याला चहाच्या गाड्यावर तासन्तास भांडायचो. पण ते भांडण गाण्याचं असायचं, हे का घेतलं आणि ते का सोडलं, त्यात खपासाठी कुणाला किती प्लॅटिनमचे मान मिळाले हे कधी निघालंच नाही. एकाने ईगल्सच्या यादीतून हॉटेल कॅलिफोर्नियाच काढून टाकलं होतं, म्हणाला ते सगळीकडे ऐकायला मिळतंय की बे, त्या जागेत दोन गाणी बसतात. तेव्हा मी चिडलो होतो, आज त्याचं म्हणणं पटतं.

तर तुम्ही वाचकांकडून अशाच याद्या मागवा. एक बँड, एक कॅसेट, ए साइड ४५ मिनिटं, बी साइड ४५ मिनिटं, आणि सोडलेल्या एका तरी गाण्याबद्दल दोन ओळी, का सोडलं. जागा कमी असेल तर दर रविवारी एकच छापा, आम्ही थांबू. माझी क्वीनची यादी सोबत जोडली आहे. लव्ह ऑफ माय लाइफ ए साइडला शेवटी घेतलंय आणि त्याच्यासाठी वुई आर द चॅम्पियन्स सोडलंय, त्यावर ज्यांना भांडायचंय त्यांनी जरूर लिहावं.

आपला,
एक नियमित वाचक
साखर पेठ, सोलापूर