आमची घटना आम्ही विकत घेतली होती

प्रति,
मा. संपादक,

विषय : गावोगावच्या मंडळांची नोंदणी

महोदय,

गेल्या महिन्यात आमच्या गावच्या वाचनालयाने स्वतःची घटना, म्हणजे संस्थेचे उद्देश आणि नियम, लिहिली. नोंदणी २०१७ ची आहे. म्हणजे मधली आठ वर्षे फायलीत जी घटना पडून होती, ती आमची नव्हती. पैसे मोजून आणलेली होती. अमळनेर तालुक्यात आणि एकूणच खान्देशात वाचनालय, व्यायामशाळा, भजनी मंडळ, ज्येष्ठ नागरिक संघ नोंदवायच्या खटपटीत असलेले पुष्कळ लोक भेटतात, म्हणून हे पत्र.

२०११ मध्ये एका निवृत्त गुरुजींच्या ओट्यावर दोन कपाटे ठेवून आम्ही सुरुवात केली. नोंदणीचा विषय निघाला की कुणीतरी म्हणायचे, “आपलाच लोके शेतस, कागद कसाले जोयजे?” (आपलेच लोक आहेत, कागद कशाला हवा?) आणि चहा यायचा. २०१६ मध्ये आमचे खजिनदार हृदयविकाराने गेले. वर्गणीचे एकसष्ट हजार रुपये त्यांच्या स्वतःच्या बचत खात्यात होते, कारण नोंदणी नाही म्हणून मंडळाच्या नावाने खाते उघडलेच नव्हते. बँकेच्या लेखी ते पैसे त्यांच्या वारसांचे. वारस भले होते, रक्कम परत आली, पण त्याला चौदा महिने लागले. पैसे बुडाले नाहीत, दोन घरांमधले बोलणे मात्र बुडाले ते आजतागायत.

मग धावपळ. आधी आम्ही चुकीच्याच कचेरीत गेलो. आमच्याकडे ‘सोसायटी’ म्हटले की पीककर्जाची विविध कार्यकारी सोसायटीच डोळ्यांपुढे येते, म्हणून तालुक्याच्या सहायक निबंधकांकडे अर्ज घेऊन उभे राहिलो. तिथल्या कारकुनाने हसत सांगितले की ही सहकारी संस्था नव्हे, तुमचे काम जळगावला, धर्मादाय कार्यालयात. जळगावच्या वाटेवर एक जाणकार गृहस्थ भेटले. अठरा हजारांत सगळे करून देतो म्हणाले. दिलेही. बावीस पानांची घटना, सात जणांच्या सह्या आणि दोन प्रमाणपत्रे.

दोन प्रमाणपत्रांचे थोडे सांगतो, कारण पहिले हातात पडताच पेढे वाटणारे पाहिले आहेत. पहिली नोंदणी १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली होते; त्याला किमान सात सभासद लागतात. महाराष्ट्रात तेवढ्यावर भागत नाही. १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखालीही नोंद करावी लागते आणि तिचा ‘एफ’ने सुरू होणारा वेगळा क्रमांक मिळतो. त्यानंतर पॅन कार्ड, बँक खाते वगैरे. कागद म्हणाल तर ठराव, उद्देशांचे ज्ञापन, नियमावली, सर्वांची ओळखपत्रे, जागेचा ग्रामपंचायतीचा नमुना आठ, जागामालकाची संमती, प्रतिज्ञापत्र. अर्ज आता ऑनलाइन भरता येतो. यात चार इयत्ता शिकलेल्या माणसाला न जमण्यासारखे काहीही नाही, हे अठरा हजार घालवल्यावर कळले.

खरे दुखणे त्या बावीस पानांत होते. उद्देश एकेचाळीस! अध्यापक विद्यालय चालवणे, गोशाळा, मत्स्यपालन, वृद्धाश्रम, संगणक प्रशिक्षण, व्यसनमुक्ती केंद्र. वाचनालय तेहेतिसाव्या क्रमांकावर. कुण्या शिक्षण संस्थेची घटना घेऊन वरचे नाव बदलले होते, एवढेच. आम्ही हसलो आणि कपाटात ठेवून दिली. सभासदत्वाचे कलम कुणी वाचलेच नाही. सह्या करणारे सात जण तहहयात संस्थापक सभासद, नवा सभासद घ्यायचा की नाही हे कार्यकारी मंडळ ठरवणार, त्याचा निर्णय अंतिम, आणि कार्यकारी मंडळ म्हणजे तेच सात जण, असे ते कलम होते.

आमच्याकडे कानबाई देवीचे रोट, म्हणजे तिचा प्रसाद, भाऊबंदांतच खायचे असतात, बाहेरच्याला द्यायचे नसतात. श्रावणात ते शोभते. वाचनालयाचे तसे झाले तर काय करायचे? गावातल्या बचत गटाच्या अकरा बायांनी सभासद होण्यासाठी अर्ज दिला, वर्गणीही आणली. त्यांना पुस्तके मिळाली, मत मिळाले नाही. पुढे सातांपैकी दोघे वारले. दोघांचेही चिरंजीव ‘वडिलांची जागा’ मागायला आले, जणू सातबाऱ्यावर वारस लावायचा होता. मी सुद्धा त्या सातांपैकी एक आहे, म्हणून हे लिहिताना कुणाकडे बोट दाखवत नाही.

आपल्याच भागात याच्या अगदी उलट उदाहरण आहे. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळ्यात वारले आणि १९२७ मध्ये तिथे त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ उभे राहिले. जन्मभर गोळा केलेले दप्तर कुणा एकाच्या घरात न राहता संस्थेकडे आले, म्हणून अभ्यासकांना ते पाहायला मिळते. आमची दोनच कपाटे, पण त्यांनाही वारस लागू नये एवढीच इच्छा.

घटना बदलायचे ठरवले तेव्हा हिशेब असा निघाला. उरलेले सभासद पाच. जुन्या घटनेप्रमाणे नियम बदलायला दोन तृतीयांश मते, म्हणजे चार. उद्देश बदलायचे तर १८६० च्या कायद्यात आणखी एक अट आहे : प्रस्ताव सभेच्या दहा दिवस आधी सर्वांना कळवायचा, तीन पंचमांश मतांनी मंजूर करायचा आणि महिन्याभराने दुसरी सभा घेऊन तितक्याच मतांनी पुन्हा कायम करायचा. आम्हा पाचांतले एक जण मुलाकडे सुरतेला राहतात, एकाचा ठाम विरोध. म्हणजे सगळी भिस्त सुरतेच्या माणसावर. ते गुडघेदुखी घेऊन रेल्वेने अमळनेरला दोनदा आले. त्यांचा भाडेखर्च संस्थेने देऊ केला, त्यांनी घेतला नाही.

विरोध करणाऱ्यांचे म्हणणे वावगे नव्हते. सभासदत्व खुले केले तर उद्या निवडणुकीच्या तोंडावर एखादा पुढारी पन्नास माणसांची वर्गणी भरेल आणि वाचनालय खिशात घालेल. म्हणून आम्ही असे लिहिले : गावात राहणाऱ्या अठरा वर्षांवरील कुणालाही सभासद होता येईल, अर्ज नाकारला तर कारण लेखी द्यावे लागेल, पण मताचा अधिकार वर्षभराने. उद्देश आता तीनच.

वर्गणीबद्दलही एक ओळ घातली आणि माझ्या मते तीच सर्वांत मोलाची आहे. १८६० च्या कायद्याप्रमाणे ज्याची वर्गणी तीन महिन्यांहून अधिक थकली असेल त्याला मत देता येत नाही, सभासद म्हणून त्याची गणतीही होत नाही. आता चिटणीसाच्या मनात काळेबेरे असेल तर तो काय करतो? नको असलेल्या माणसाची वर्गणी घेतच नाही. पावतीपुस्तक संपले आहे, पुढच्या आठवड्यात या, म्हणतो. असे तीन महिने काढले की विरोधक आपोआप बाद. ही युक्ती मी डोळ्यांनी पाहिली आहे, कुठे ते सांगत नाही. आमच्या नियमात आता सभासदाने संस्थेच्या बँक खात्यात थेट भरलेली रक्कम हीच पावती आहे.

राहिला चेंज रिपोर्ट, म्हणजे बदल अर्ज. कार्यकारी मंडळ बदलले की नव्वद दिवसांत तो धर्मादाय कार्यालयात द्यायचा असतो. लोक निवडणूक घेतात, हारतुरे होतात, फोटो छापून येतो आणि अर्ज राहून जातो. परिशिष्ट एकवर, म्हणजे धर्मादाय कार्यालयातल्या संस्थेच्या नोंदीवर, जुनीच नावे, त्यांतले निम्मे हयात नाहीत. मग भांडण झाले की दोन गट दोन अर्ज घेऊन जातात आणि सभा बोलावण्याचा अधिकार कुणाचा, यावरच वर्षे जातात. आम्हीही दोघे गेल्याचे कळवले नव्हते. या वेळी तो अर्जही सोबत जोडून दिला आहे.

संस्था बंद पडली तर शिल्लक मालमत्ता सभासदांत वाटता येत नाही, ती तशाच दुसऱ्या संस्थेकडे जाते, हेही कायद्यातच आहे. नव्या घटनेनंतरच्या आमच्या पहिल्या सभेत हे वाचून दाखवल्यावर दोन तरुण लगेच उठून गेले. बाकीचे बसून राहिले, त्यांतूनच नवे मंडळ झाले आहे. बचत गटातल्या दोघी त्यात आहेत, पैकी एक खजिनदार.

आपल्या दैनिकाने एवढे करावे की तालुक्याच्या पानावर केव्हातरी नमुन्याची एक छोटी, साध्या मराठीतली नियमावली छापावी. तोवर आमची साडेचार पानांची प्रत वाचनालयात टेबलावर ठेवली आहे. संध्याकाळी सहा ते आठ केव्हाही येऊन पाहावी, खोडरबर लावून आपल्यासारखी करून घ्यावी. झेरॉक्सचे पैसे मात्र ज्याचे त्याने द्यावेत, नव्या खजिनदारबाई कडक आहेत.

आपला नियमित वाचक,
(नाव व पत्ता संपादकांकडे दिला आहे)
ता. अमळनेर, जि. जळगाव